उतारवयातील घर : विकत घ्यावे की भाड्याने राहावे?

(जुबिलीनिमित्त भरलेल्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



जुबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा ह्याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्या मंदिराची इमारत कशी उभी राहिली, तिच्यासाठी कोणी काय सोसले, हे माझ्याहून अधिक जाणते वक्ते सांगणारच आहेत. मी मिस्सा आटोपल्यावर आपण ज्या चार भिंतींकडे परत जातो, त्यांच्याविषयी बोलणार आहे. विषय प्रापंचिक आहे, हे मी कबूल करतो. तथापि साठीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मनुष्याची रात्रीची झोप ज्या प्रश्नाने उडते, तो प्रश्न अगदीच क्षुल्लक म्हणता येणार नाही.

सोलापूर हे पोटासाठी आलेल्या लोकांचे शहर आहे. १८६० साली आगगाडी येथे पोहोचली आणि १८७७ साली आपण जिला जुनी गिरण म्हणत आलो ती कापडगिरणी निघाली. मग गिरण्या वाढल्या, माग वाढले, विड्यांचे कारखाने वाढले. जे आले ते कोणी रेल्वेच्या क्वार्टरात राहिले, कोणी गिरणीच्या चाळीत, तर कोणी पेठेतल्या वाड्यात दोन खण भाड्याने घेऊन. छप्पर दुसऱ्याचे आणि संसार आपला, अशीच आपल्यापैकी बहुतेकांच्या वडिलांची हयात गेली. नोकरी चालू असेपर्यंत ह्यात काही उणे वाटत नाही. नोकरी सुटते त्या दिवशी मात्र छपराचा प्रश्न दारात येऊन उभा राहतो.

माझ्याही दारात तो असाच आला. मी रेल्वेत नोकरीस होतो. तीस वर्षे क्वार्टरात राहिलो. अंगणातला कडुनिंब माझ्या पत्नीने लावलेला, पण अंगण रेल्वेचे. निवृत्तीनंतर नियमाने मिळणारी मुदत भराभर सरू लागली आणि मला घाई सुटली. हाती फंडाची व ग्रॅच्युइटीची रक्कम होती. जन्मभर दुसऱ्याच्या घरात राहिलो, आता मरावे तरी स्वतःच्या घरात, असा एक अभिमान मनात शिरला. शहराच्या नव्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावरचा एक प्रशस्त फ्लॅट मी पाहिला, आणि घरी न विचारता पन्नास हजार रुपये इसार देऊन मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी पत्नीस घर दाखविण्यास नेले. इमारतीस लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती गुडघा धरून पायरीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, घर चांगलंच असेल. पण पाणी वर कोण नेणार? आणि सगळे पैसे ह्या भिंतींत घातले, तर पुढे औषधाला कोणत्या भिंतीचा चुना खरवडायचा?"

बंधूंनो, त्या इसारापैकी मला एक रुपयाही परत मिळाला नाही, आणि दोष माझाच होता. परंतु पन्नास हजारांत जो धडा मिळाला, तो तुम्हांस आज फुकट द्यावा, एवढ्यासाठीच मी हे लाजिरवाणे वृत्त सांगितले.

प्रथम आकडे मांडू. समजा, एका गृहस्थाजवळ निवृत्तीच्या वेळी वीस लाख रुपये आहेत. पहिला मार्ग असा, की सतरा लाखांचे घर घ्यावे. मुद्रांक, नोंदणी, रंग व डागडुजी ह्यांत आणखी दोन लाख जातील असे धरू. हाती उरला एक लाख. घर झाले, पण त्या घरात चूल पेटविण्यास काय राहिले? ज्याला सरकारी पेन्शन आहे तो कदाचित निभावेल. परंतु गिरणीत व कारखान्यात राबलेल्या माणसाचे काय? फंडाच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली किमान वेतन ठरले, ते दरमहा अवघे १,००० रुपये. त्याच्या घराच्या भिंती कितीही पक्क्या असल्या, तरी त्या भाकर देत नाहीत.

दुसरा मार्ग असा, की घर घेऊच नये. वीस लाख शेकडा सात व्याजाने सुरक्षित ठेवावे आणि दरमहा सहा हजारांच्या भाड्याने राहावे. वर्षाचे व्याज १,४०,००० रुपये, भाडे ७२,०००. उरलेले ६८,००० औषधपाण्यास होतील. हिशेब गोड दिसतो. परंतु भाडे वाढत असते आणि व्याज तेथल्या तेथे राहते. दर वर्षी शेकडा दहाने भाडे वाढले, तर आठव्या वर्षी ते वर्षाला १,४०,००० च्या घरात जाते, म्हणजे सारे व्याज गिळून टाकते. शेकडा पाचने वाढले, तर तोच प्रसंग पंधराव्या वर्षी येतो. म्हणजे साठाव्या वर्षी केलेला हिशेब अडुसष्टाव्या किंवा पंचाहत्तराव्या वर्षी फाटतो. त्या वयात नवी नोकरी मिळत नाही, आणि नवे भाड्याचे घरही सहजी मिळत नाही.

ह्यावरून माझ्या मनाशी एक नियम ठरला. उतारवयात घर घ्यावे, पण जवळच्या पुंजीच्या निम्म्याहून अधिक रक्कम त्यात घालू नये. निम्म्यात बसेल एवढे लहान, जुने, बिनडौल का असेना, तेवढेच आपले घर. तेही बसत नसेल, तर कर्ज काढून अभिमान विकत घेण्यापेक्षा उघडपणे भाड्याने राहावे, आणि पुंजी शाबूत ठेवावी. भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. साठीनंतर फेडता न येणारे कर्ज मुलांच्या गळ्यात टाकणे, ह्यात मात्र कमीपणा आहे.

आता भाडेकरूंविषयी. आपल्यात दोन प्रकारचे भाडेकरू आहेत, आणि दोघांची स्थिती अगदी भिन्न आहे. पहिले जुने. पेठेतल्या वाड्यांत व चाळींत ज्यांचे वडील आजोबांपासून राहत आले, त्यांना १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण मिळाले. त्या कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले होते. त्याच्या जागी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आला व तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. ह्यात भाड्यात वर्षास शेकडा चारची वाढ घेण्याची मुभा मालकास आहे. परंतु कायद्यातील कारण दाखवून न्यायालयाचा हुकूम आणल्याविना तो भाडेकरूस काढू शकत नाही, आणि भाडेकरू वारल्यावर त्याच्याजवळ राहत असलेल्या कुटुंबीयाकडे तो हक्क जाऊ शकतो. अशा माणसाने थोड्या रकमेच्या मोहाने खोली सोडून देण्यापूर्वी दहादा विचार करावा. भाड्याच्या पावत्या त्याने जिवापाड जपाव्यात. वाडा मोडकळीस आला असेल, तर मात्र हक्काच्या मोहाने जीव धोक्यात घालू नये. नव्या बांधकामात आपणांस काय मिळणार, हे लेखी घेतल्यावाचून चावी देऊ नये.

दुसरे भाडेकरू अकरा महिन्यांच्या कराराचे. ह्यास लिव्ह अँड लायसन्स म्हणतात. ह्यात राहणाऱ्यास फक्त परवानगी असते, जागेवर हक्क नसतो. मुदत संपली की घर सोडलेच पाहिजे, आणि न सोडल्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. हा करार लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही आपल्याकडची समजूत महाराष्ट्रात खरी नाही. मुदत अकरा महिन्यांचीच असावी असेही काही बंधन नाही. म्हाताऱ्या माणसाने अकरा महिन्यांऐवजी तीन किंवा पाच वर्षांचा करार मागावा, दर वर्षी भाडे किती वाढेल हे त्यातच लिहून घ्यावे, आणि अनामत रक्कम केव्हा परत मिळेल तेही लिहून घ्यावे. मालक सज्जन असो, पण तोही मर्त्य आहे. त्याच्या मागून येणाऱ्याशी कागदच बोलतो.

घर विकत घ्या वा भाड्याने, ते कोठे घ्यावे हा पुढचा प्रश्न. सोलापुरात उतारवयाच्या माणसाने चार गोष्टी पाहाव्यात. एक, जिना. लिफ्ट नसेल तर तळमजला. आणि लिफ्ट असेल तर वीज गेल्यावर ती चालते काय, ते विचारावे. दोन, पाणी. आपल्या शहरात गेली कित्येक वर्षे नळाला पाणी काही दिवसांच्या आड येत आले आहे, हे तुम्हांस सांगावयास नको. हौद किती मोठा आहे, वर पाणी चढविण्याची सोय काय आहे, हे रंगरंगोटी पाहण्यापूर्वी पाहावे. तीन, ऊन. वैशाखात वरच्या मजल्याचा स्लॅब रात्रभर तव्यासारखा तापतो. तरुणास ते सोसते, सत्तरीच्या हृदयास सोसत नाही. चार, माणसे. सिव्हिल हॉस्पिटल किती दूर, औषधाचे दुकान किती दूर, मंदिर किती दूर, आणि रात्री दोन वाजता हाक मारली तर ओ देणारे दार किती दूर?

ह्या चौथ्या गोष्टीचे महत्त्व कुंभारीकडे पाहिले म्हणजे कळते. आपल्या शहराने गरिबांच्या घरकुलांचे एक मोठे काम पाहिले आहे. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. त्याच परिसरात रे नगर ही तीस हजार घरांची योजना उभी राहिली, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांच्या हस्ते तिच्यातील पंधरा हजार घरे कामगारांस मिळाली. जन्मभर भाड्याच्या खोलीत विड्या वळलेल्या स्त्रीच्या हाती स्वतःच्या दाराची किल्ली येणे, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि तरुण कुटुंब दूर जाऊन नवा शेजार निर्माण करू शकते. म्हाताऱ्याजवळ तेवढा अवधी नसतो. एकेकट्याने दूर जाण्यापेक्षा ओळखीची चार कुटुंबे मिळून गेली, तर शेजारही बरोबर जातो. पुण्यास मुलाजवळ जाण्याचा बेत करणाऱ्यांसही माझे हेच सांगणे आहे. येथले घर लगेच विकू नका. एक वर्ष ते भाड्याने देऊन पाहा, तिकडे मन रमते की नाही ते अजमावा, मग ठरवा.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी मुख्यतः उभा राहिलो, तीकडे वळतो. घर कोणाच्या नावावर असावे?

आपण ख्रिस्ती लोक १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखाली येतो. मृत्युपत्र न करता पती वारला आणि मागे मुले असली, तर पत्नीस एक तृतीयांश मिळते व उरलेले दोन तृतीयांश मुलगे व मुली ह्यांच्यांत समसमान वाटले जाते. मुलींस समान वाटा मिळतो हे उत्तमच आहे. परंतु विधवेचा विचार करा. पतीने सारी पुंजी घालून एकट्याच्या नावावर घर घेतले. त्याच्या मागे ज्या स्वयंपाकघरात तिने चाळीस वर्षे काढली, त्याचा तिसरा भागच तिचा होतो. आमच्या ओळखीच्या एका भगिनीवर हाच प्रसंग आला. मुले वाईट नव्हती, त्यांच्या अडचणी खऱ्या होत्या. वाटणी झाली, घर विकले गेले, आणि तिच्या वाट्यास आलेल्या रकमेत तिला ह्या शहरात एक खोलीही मिळेना. पुढे ती आळीपाळीने मुलांकडे राहिली. तिच्याजवळ एक पेटी होती. ती पेटी तिने अखेरपर्यंत पुरती उघडली नाही. म्हणे, पुन्हा बांधावीच लागते.

म्हणून घर घेताना पती व पत्नी दोघांची नावे खरेदीखतावर घालावीत. तेवढ्याने अर्धे घर तिचे होते, आणि मृत्युपत्र नसले तरी पतीच्या अर्ध्याचा तिसरा हिस्सा मिळून दोन तृतीयांश तिच्याकडे राहते. मृत्युपत्र केले, तर सगळेच तिला देता येते. मृत्युपत्रास स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र लागतात. ज्याला मालमत्ता द्यावयाची, त्यास किंवा त्याच्या पतीस वा पत्नीस साक्षीदार करू नये. आपल्या कायद्याप्रमाणे तसे केल्यास त्याला दिलेले दान रद्द होते. विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्र विवाहाने रद्द होते, हेही ध्यानात असावे. सोसायटीच्या फॉर्मवर नाव लिहिले म्हणजे मृत्युपत्र झाले, असे कोणी समजू नये. नामनिर्देशित व्यक्ती ही केवळ सांभाळणारी असते.

ह्याच्या जोडीस दुसरा इशारा. जिवंतपणी घर मुलांच्या नावे करून देऊ नका. प्रेम असू द्यावे, विश्वास असू द्यावा, पण बक्षीसपत्राची घाई नको. मृत्युपत्र बदलता येते, बक्षीसपत्र सहसा बदलता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या कायद्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले घर, सांभाळ न झाल्यास परत मागता येते. आपल्याकडे त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करावा लागतो. परंतु ती अट असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने ह्या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावावा असेही म्हटले. तेव्हा द्यावयाचेच असेल, तर सांभाळाची अट कागदात स्पष्ट शब्दांत लिहावी. आईबापांनी अट घालावी हे कानाला कठोर लागते, मला ठाऊक आहे. पण अट न घातल्यामुळे पुढे अर्ज घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढावयाच्या, हे त्याहून कठोर आहे.

ज्यांचे घर आहे पण हाती पैसा नाही, त्यांच्यासाठी २००७ पासून एक वाट निघाली आहे. साठ वर्षांवरील घरमालक आपले राहते घर बँकेकडे गहाण ठेवून तिच्याकडून ठरावीक मुदतीपर्यंत, जास्तीत जास्त वीस वर्षे, नेमाने रक्कम घेऊ शकतो. पती पत्नी दोघेही हयात असेपर्यंत, आणि एक गेल्यावर मागे राहिलेलाही, त्याच घरात राहतो. पुढे वारसांनी कर्ज फेडले तर घर त्यांचे, नाही तर बँक ते विकून आपले घेते व उरलेले वारसांस देते. आपल्याकडे ही रीत फारशी रुजली नाही. घर मुलांसाठी राखावयाचे आणि स्वतः गोळ्या अर्ध्या करून खावयाच्या, हेच आपणांस पुण्य वाटते. मला ते पुण्य वाटत नाही. आईबाप धडधाकट व मिंधेपणावाचून राहिले, तर मुलांना ह्याहून मोठा वारसा कोणता?

आमचे काय झाले, हे आता सांगून संपवितो. इसार गमावल्यावर आम्ही सात महिने भाड्याने राहिलो, आणि त्या सात महिन्यांत घाई न करता घरे पाहिली. अखेर जुन्या वस्तीत तळमजल्यावरची एक खोली, स्वयंपाकघर व पुढे ओसरी एवढे घर मिळाले. निम्म्या पुंजीच्या आतच ते बसले. खरेदीखतावर पहिले नाव माझ्या पत्नीचे आहे. घर लहान आहे. नातवंडे आली की ओसरीत अंथरुणे घालावी लागतात, आणि पाहुण्यांपुढे कधी कधी मला त्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्रशस्त दिवाणखान्याची आठवणही येते. पण गेल्या वर्षी पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा मला कोणापुढे हात पसरावा लागला नाही. शेजारच्या दोन घरांतून पंधरा दिवस डबा आला, आणि सोळाव्या दिवशी ती काठी टेकीत आपल्या पायांनी मिस्सेस आली.

ओसरीच्या कडेला तिने पुन्हा एक कडुनिंब लावला आहे. तो अजून कमरेएवढाही नाही. त्याच्या सावलीत बसण्याइतके आयुष्य आम्हांस मिळेल की नाही, ते देव जाणे. पण ह्या खेपेस अंगण आमचे आहे, आणि आता त्याला पाणी घालण्याची पाळी माझी आहे.

 घरी गेल्यावर आपल्या कपाटातले खरेदीखत किंवा भाड्याचा करार एकदा बाहेर काढा, त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ती वाचा, आणि तो कागद आपल्या पत्नीसही वाचून दाखवा. एवढे आपण केलेत, तर माझे आजचे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन.